तापीकाठच्या घळी : प्रस्तावना

तापीच्या दोन्ही काठांना लागून खान्देशात घळींचा एक पट्टा आहे. तो सलग नाही. कुठे पात्रापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर संपतो, तर कुठे उपनद्यांच्या आणि नाल्यांच्या वाटेने आत शेतशिवारात शिरतो. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी तापी ओलांडते तेव्हा खिडकीतून तो काही क्षण दिसतो. केळीच्या आणि कपाशीच्या सपाट शेतांना अचानक तडा गेलेला असतो, पिवळट मातीच्या उभ्या भिंती असतात, त्यांच्या तळाशी वेडी बाभूळ माजलेली असते आणि पलीकडे पुन्हा सपाट शेत सुरू होते. जमिनीची धूप म्हटली की डोळ्यांसमोर डोंगरउतार येतो. येथे धूप होते ती सपाटीवर, आणि तीही खान्देशातल्या सर्वांत सुपीक गाळाच्या जमिनीत. हे पुस्तक त्या पट्ट्याविषयी आणि तो आवरण्यासाठी झालेल्या प्रयत्नांविषयी आहे.

पाण्याने गिळलेल्या जमिनीच्या प्रसिद्ध कहाण्या बेटांच्या आहेत. आसामातील ब्रह्मपुत्रेच्या पात्रातले माजुली विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे १,२५० चौरस किलोमीटर होते, आज ते त्याच्या निम्मेही उरलेले नाही. सुंदरबनातील लोहाचरा बेट पाण्याखाली गेले आणि शेजारचे घोडामारा दरवर्षी लहान होत आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातल्या हॉलंड बेटावर एका गृहस्थाने दगड, लाकूड आणि वाळूच्या गोण्या टाकून अनेक वर्षे एकट्याने लाटा थोपवण्याचा प्रयत्न केला, पण तेथील शेवटचे घर २०१० मध्ये कोसळले. मालवणजवळ कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखे पडलेले देवबाग कोकणात याच चिंतेत जगते. या ठिकाणांचे नुकसान नकाशावर मोजता येते. किनाऱ्याची रेषा आत सरकते, क्षेत्रफळ घटते, बातमी होते. घळींचे नुकसान असे दिसत नाही. घळ पडलेले शेत गावाच्या नकाशावर तेवढेच राहते, गट क्रमांक तोच राहतो, सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र बदलत नाही. फार तर लागवडयोग्य क्षेत्रातून काही गुंठे वजा होऊन ‘पोटखराबा’ या रकान्यात जातात. शेतकऱ्याची जमीन गेली, पण कागदावर ती जागच्या जागी आहे. या विषयाकडे इतका काळ दुर्लक्ष होण्याचे एक कारण बहुधा याच रकान्यात दडलेले आहे.

घळी समजून घ्यायच्या तर आधी नदी समजून घ्यावी लागते. तापी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. त्यातले सुमारे २२८ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत, पण तिच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर म्हणजे जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्राचा आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला वाहतात. तापी पश्चिमेला वाहते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये भूकवच खचून जो लांबट खोलगट भाग तयार झाला, त्यातून ती जाते. बेसाल्टच्या या खळग्यात तापीने, पूर्णेने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या लहान नद्यांनी लाखो वर्षे गाळ भरला. दख्खनच्या बहुतेक भागात हातभर माती खणली की मुरूम लागतो आणि खाली काळा खडक लागतो. तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यात मात्र विंधण विहीर शेकडो मीटर गेली तरी चिकणमाती, वाळू, रेती आणि चुनखडीचे खडे यांचेच थर लागत राहतात. जळगावची केळी आणि भरताची वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच गाळावर पिकतात. आणि घळीही याच गाळात पडतात, कारण पाण्याला अडवणारा खडक येथे वर कुठेच नाही.

नदीने आधी गाळ भरला आणि मग तोच गाळ कापला. आज तापी आपल्या मैदानाच्या पृष्ठभागापेक्षा बरीच खाली वाहते, तिचे काठ उंच आणि उभे आहेत. म्हणूनच इतकी मोठी नदी दाराशी असूनही खान्देशातील जुने सिंचन तिच्यावर उभे राहिले नाही. ते उभे राहिले पांझरा, मोसम, गिरणा अशा उपनद्यांवर आणि विहिरींवर. नदी खाली गेली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला तेवढेच खाली उतरावे लागते. सपाटीवरून आलेले पाणी शेवटच्या काही शे मीटरांत वीस-पंचवीस मीटर उतरते, आणि तो उतार मिळवण्यासाठी नाला मागे मागे कुरतडत जातो. घळीची वाढ नदीकडून शेताकडे होते, पाणी मात्र शेताकडून नदीकडे येते. हा उलटा क्रम लक्षात न घेतल्यामुळे अनेक उपाय चुकीच्या टोकाला झाले आहेत.

कृषी विभागाच्या पुस्तिकांत धुपीच्या तीन पायऱ्या शिकवल्या जातात: सालकाढी धूप, ओघळी धूप आणि घळईची धूप. पहिलीत पावसाचे थेंब माती सुटी करतात आणि पाण्याचा पातळ थर ती घेऊन जातो. दुसरीत बोटभर ते हातभर ओघळ पडतात, जे पुढच्या वखरणीत बुजतात. तिसरीत अवजाराने बुजणार नाही एवढी खोली येते. क्रम बरोबर आहे, पण तापीकाठच्या घळी नेहमी या क्रमाने येत नाहीत. घळीच्या माथ्याशी पाणी उंचावरून खाली पडते, भिंतीचा पाया पोखरते, आणि वरचा भाग आधार गेल्याने एकदम ढासळतो. ढासळलेली माती पुढच्या पाण्यात वाहून जाते आणि नवी उभी भिंत पुन्हा पोखरली जायला मोकळी होते. एका रात्रीच्या पावसात माथा काही मीटर मागे सरकू शकतो, आणि मग सात-आठ वर्षे तो जागचा हलतही नाही. ‘दरवर्षी इतके’ असा सरासरी वेग सांगणाऱ्या हिशेबांची येथे फसगत होते.

दुसरा प्रकार आणखी छुपा आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून, घुशी-उंदरांच्या बिळांतून आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून खाली उतरते आणि खालच्या पिवळ्या भुसभुशीत गाळातून वाट काढत घळीच्या भिंतीत बाहेर पडते. जमिनीखाली नळीसारखी पोकळी तयार होते. वर पीक उभे असते. मग एके दिवशी नांगराच्या बैलाचा पाय किंवा ट्रॅक्टरचे चाक खाली जाते आणि शेतात अचानक खड्डा दिसतो. अशा खड्ड्यांची रांग पुढे जोडली जाते आणि नवी घळ तयार होते. जमिनीत सोडियमचे प्रमाण जास्त असेल तर मातीचे कण पाण्यात सहज विखुरतात आणि ही भुयारी धूप वेग घेते; पूर्णेच्या वरच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या जमिनींचा स्वभाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. भुयारी धुपीवर बांध घालून उपयोग होत नाही, उलट बांधामागे साचलेले पाणी भेगेतून आत ढकलले जाते. बांधबंदिस्तीचे काम चोख होऊनही शेत फुटले अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हे कारण असते.

तिसरी गोष्ट नदीच्या काठाची. तापीला मोठे पूर नवे नाहीत. ऑगस्ट १९६८ च्या पुरात सुरतेजवळ सुमारे १५ लाख क्युसेक पाणी गेल्याचे सांगतात, आणि २००६ च्या पुरात सुरत शहर बुडाले. सुरतेच्या वाट्याला पाण्याचा पसारा येतो, तर वरच्या बाजूला खान्देशात उंच काठांच्या मधल्या पात्रात पाणी भराभर चढते. काठ चढत्या पुरात सहसा ढासळत नाही, उतरत्या पुरात ढासळतो. पाणी वर असते तोवर ते भिंतीला बाहेरून आधार देते आणि आत मुरतही असते. पाणी झपाट्याने ओसरले की आतून भिजून जड झालेल्या मातीचा आधार जातो आणि काठाचे फाळकेच्या फाळके पात्रात बसतात. धरणाच्या आणि बॅरेजच्या मागेही हेच तत्त्व लागू पडते. १९८२ मध्ये पूर्ण झालेले भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण, त्याखाली शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बॅरेज, आणि गुजरातेत १९७२ पासूनचे उकाई, अशी तापी आज पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. दरवाजे उघडले-मिटले की घळींच्या तोंडाशी पाण्याची पातळी वरखाली होते. दुसरीकडे, पाणी कायम उंच राहिल्याने नाल्यांचा उतार कमी होतो आणि घळींच्या तळाशी गाळ बसू लागतो, हा लाभही खरा. हतनूर गाळाने भरत चालल्याची ओरड दरवर्षी होते. त्या गाळातला काही वाटा काठच्या शेतांचाच आहे, एवढे तरी त्या चर्चेत यायला हवे.

घळी का पडल्या यावर भूगोलाच्या आणि भूशास्त्राच्या अभ्यासकांत एकमत नाही. एक मत समुद्रपातळीकडे बोट दाखवते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा शंभरहून अधिक मीटर खाली होता. नदीचे मुख खाली गेले म्हणजे नदी आपला तळ कापते. हे तत्त्व निर्विवाद असले तरी मुखापासून इतक्या दूर, मध्ये खडकाळ पात्र असताना, त्याचा परिणाम भुसावळपर्यंत पोहोचला का, हा प्रश्न उरतो. दुसरे मत भूकवचाच्या हालचालींचे आहे: तापीचे खोरेच मुळात भ्रंशांवर बसलेले, तेव्हा जमीन थोडी उचलली गेली तरी नदी खाली कापू लागेल. तिसरे मत हवामानाचे आहे. हिमयुगानंतर मोसमी पाऊस जोमाने परतला, नद्यांना गाळापेक्षा पाणी जास्त मिळाले आणि त्यांनी भरलेले मैदान उकरायला सुरुवात केली. प्रवरेच्या, चंबळेच्या, महीच्या घळींबद्दलही हेच तीन पक्ष आलटून पालटून मांडले जातात. चौथे मत माणसाला जबाबदार धरते: जंगलतोड, चराई, नांगरट. लोकप्रिय लिखाणात तेवढेच ऐकू येते. ते अपुरे आहे. तापीचे काठ शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी कापले गेले असले पाहिजेत, एवढी त्यांची खोली सांगते. माणसाने घळी निर्माण केल्या नसतील, पण जागच्या जागी निवांत असलेल्या घळींचे माथे त्याने पुन्हा जागे केले, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. उपायांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे: नदीचे खाली जाणे कोणी परतवू शकत नाही, माथ्याशी येणारे पाणी मात्र माणसाच्या हातात आहे.

या कापलेल्या काठांचे पुरातत्त्वावर उपकारही आहेत. प्रकाशा येथे गोमाई आणि तापीच्या संगमावरील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी केले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघड झाले. ताम्रपाषाण युगातील एका मृद्भांड परंपरेला सावळदा या तापीकाठच्या गावाचेच नाव मिळाले आहे. एस. ए. साळी यांनी धुळे-जळगाव परिसरात अश्मयुगीन अवशेषांचा जो पाठपुरावा केला, त्यातही नदी-नाल्यांनी उघडे पाडलेले थर ही मोठी सोय होती. पण घळ जे दाखवते तेच पुढच्या पावसात घेऊनही जाते. चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी वस्तीला नेमका काठाचा उंचवटा निवडला, आणि तोच आज सर्वांत आधी ढासळतो. या अवशेषांची नोंद शेतजमिनीच्या नोंदीइतकीच तातडीची आहे.

राखणीचे प्रयत्न कधी सुरू झाले, याला नेमकी तारीख नाही. उतारावर दगडमातीच्या ताली घालणे ही शेतकऱ्याची जुनी रीत आहे. पांझरेवरची आणि तिच्या शेजारच्या नद्यांवरची फड पद्धत तर काही शतकांची. नदीवर ओळीने बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या शेतांचे फड, फडात एकाच वेळी एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी व जागल्या. फडाचे कौतुक सिंचनासाठी होते. धुपीच्या अंगाने पाहिले तर त्याचे आणखी एक मोल दिसते: जास्तीचे पाणी शेतातून कुठून बाहेर पडेल आणि कुठे नदीला मिळेल हे ठरलेले असे, आणि ते सांभाळणारा माणूस नेमलेला असे. पुढे पाटबंधारे खात्याने बांध दगडी आणि सिमेंटचे केले, पण सांडव्याची राखण करणारा माणूस गेला. तांत्रिकदृष्ट्या श्रेष्ठ कामे पाच-दहा वर्षांत फुटण्याचे रहस्य अनेकदा यापेक्षा मोठे नसते.

इंग्रजी अमलात जमीन मोजली गेली. खान्देशात ती मोजणी सुखाने झाली नाही. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी पाहणीला उघड विरोध केला. मोजणीने शेताला क्षेत्र, प्रत आणि आकार दिला आणि नापीक तुकडा वेगळा काढला. घळीचा ‘पोटखराबा’ तेव्हापासूनचा. सारा माफ झाल्याने शेतकऱ्याला सूट मिळाली खरी, पण सरकारलेखी तो तुकडा हिशेबाबाहेर गेला. सुधारणेचा विचार सुरू झाला तो विसाव्या शतकात. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन झाले, १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम आला आणि समपातळी बांधांची मोठी कामे निघाली. अमेरिकेत ह्यू हॅमंड बेनेट यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले होते. त्या लाटेचा हा भारतीय किनारा. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी निघालेल्या कामांत बांधबंदिस्ती आणि नाला बांध गावोगाव झाले. कामाचा हेतू आधी मजुरी आणि मग माती असा होता, आणि त्या वर्षी तसाच असायला हवा होता.

घळींचे शास्त्र मात्र दुसरीकडे वाढले. १९५४ च्या सुमारास केंद्र सरकारने मृदसंधारण संशोधनाची केंद्रे काढली. त्यांतली आग्रा, कोटा आणि महीकाठचे वासद ही मुख्यतः घळींसाठी होती. पुढे ती देहरादूनच्या संस्थेखाली आली. वासदची जमीन तापीकाठासारखीच खोल गाळाची, म्हणून तेथील निष्कर्ष खान्देशाला जवळचे. त्यांचे सार असे: घळीत काम करण्याआधी तिच्या माथ्याबाहेर सपाटीवर आडवा बांध घालून पाणी वळवावे आणि ते पक्क्या सांडव्यातून खाली उतरवावे. उथळ घळी पायऱ्या करून लागवडीखाली आणाव्यात. खोल घळी शेतीसाठी सोडून द्याव्यात आणि चराई बंद करून तेथे गवत, बांबू, बाभूळ वाढू द्यावे. मारवेल, अंजन आणि माणवेल बांबू ही नावे त्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. हे सगळे आजही बरोबर आहे. अडचण ही की राष्ट्रीय कृषी आयोगाच्या १९७६ च्या अहवालात देशातील सुमारे ३६ लाख ७० हजार हेक्टर घळपट्ट्यापैकी महाराष्ट्राच्या नावावर अवघे २० हजार हेक्टर पडले. चंबळ-यमुनेला योजना मिळाल्या, तेथे वेड्या बाभळीची हवाई बीजपेरणीही झाली. तापीकाठ यादीच्या तळाशी राहिला.

मोजमापाच्या पद्धतीनेही त्याला मागे ठेवले. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांचा १९८३ चा अंदाज आजही सर्वत्र दिला जातो: देशात वर्षाला ५३३ कोटी ४० लाख टन, म्हणजे हेक्टरी सुमारे १६ टन माती हलते, तिच्यातली २९ टक्के समुद्रात आणि १० टक्के जलाशयांत जाते. धुपीच्या गणितासाठी जगभर वापरले जाते ते विशमायर आणि स्मिथ यांचे १९६५ चे सूत्र. ते पाऊस, माती, उतार, पीक आणि संधारण यांवरून सालकाढी आणि ओघळी धूप काढते. घळीची धूप त्या सूत्रात बसत नाही. सपाट शेताला उतार जवळजवळ नसतो, म्हणून सूत्र त्याला सुरक्षित ठरवते. त्या शेताच्या बांधाला खेटून दहा मीटर खोल भिंत असते, हे सूत्राला कळत नाही.

१९८३ नंतर महाराष्ट्रात पाणलोट हा शब्द रूढ झाला. माथा ते पायथा काम, सलग समपातळी चर, अनघड दगडी बांध, गॅबियन, माती नाला बांध, सिमेंट नाला बांध. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार यांनी त्याला लोकमान्यता दिली. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने जंगल राखून तोच धडा वेगळ्या रीतीने गिरवला. २०१४ नंतर जलयुक्त शिवार आले. हा सारा विचार डोंगराच्या पाणलोटातून घडला आहे, आणि तेथे तो खराही ठरतो. काठाच्या पट्ट्यात त्याचे सूत्र उलटे करावे लागते, कारण येथे ‘माथा’ सपाट आहे आणि सगळी पडझड ‘पायथ्याशी’ आहे.

शिरपूर तालुक्यातील नाला खोलीकरण-रुंदीकरणाचा प्रयोग या संदर्भात खास लक्ष देण्यासारखा आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल करून, ओळीने बंधारे घालून भूजल भरण्याचे काम तेथे झाले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. विहिरींना पाणी आले, ही त्याची बाजू. टीकाकारांचा आक्षेप अनुकरणावर आहे: भूस्तर न पाहता, बंधाऱ्यांविना, नुसते यंत्राने नाले उकरले गेले. घळींच्या अभ्यासकाला यात आणखी एक धोका दिसतो. गाळाच्या जमिनीत नाल्याचा तळ दोन-तीन मीटर खाली नेला की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीचे पाणी तेवढ्या उंचीवरून पडू लागते, आणि प्रत्येक मिळणीशी नवी घळ सुरू होण्याची तयारी होते. बंधारे ठरल्या अंतरावर असतील तर त्यांच्यामागचा गाळ हा धोका झाकतो. नसतील तर नदीने हजारो वर्षांत जे केले ते पोकलेन आठवड्यात करतो.

यंत्रांनी दुसरा बदल घडवला तो सपाटीकरणाचा. पूर्वी घळ बुजवणे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. आता केळीचे पैसे हाती आले की उंचवटे पाडून, खळगे भरून काठाची जमीन लागवडीत आणली जाते. पोटखराबा लागवडीखाली आला तर त्याची तशी नोंद करून घेण्याची सोयही आता नियमांत आहे. याला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. उथळ घळींत असे सपाटीकरण शास्त्राच्या सल्ल्याला धरूनच आहे. पण भरलेली माती मूळ मातीइतकी घट्ट बसत नाही, जुनी वाट बुजलेले पाणी नवी वाट शोधते आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या शेतातून जाते. काठावरचे किती तरी भाऊबंदकीचे वाद असे पाण्याच्या वाटेवरून सुरू होतात.

किनारे राखण्याच्या जगभरच्या विचारात तीन वाटा सांगितल्या जातात: रेषा धरून ठेवणे, निसर्गाच्या साह्याने ती मऊ करणे आणि माघार घेणे. तापीकाठी पहिली वाट गॅबियन आणि दगडी पिचिंगची, म्हणजे घाटांपुरती, मंदिरांपुरती, पुलांपुरती. चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमावरच्या मंदिरासाठी असा खर्च समर्थनीय आहे, शंभर मैल शेतीच्या काठासाठी तो परवडणार नाही. दुसरी वाट गवता-बांबूची. ती स्वस्त आहे, पण तिला चराईबंदी आणि धीर लागतो. तिसरीचा, म्हणजे काठापासून काही अंतर नांगर न लावण्याचा, उघड विचार खान्देशात क्वचितच झाला. हेक्टरी उत्पन्नाचे आकडे पाहता शेतकरी तो आपणहून करणार नाही, आणि भरपाईची कोणतीही योजना पडीक ठेवलेल्या सुपीक पट्टीला पैसे देत नाही. या पुस्तकाचा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मिश्रणाकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

विषय आजच निकडीचा का, याची कारणे वर विखुरलेली आहेत. त्यांत एक भर घालावी लागते ती पावसाची. जळगाव जिल्ह्यात सरासरीने वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. प्रश्न त्या सरासरीचा नाही, तो किती दिवसांत पडतो याचा आहे. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत असल्याचे हवामानशास्त्राचे निरीक्षण आहे, आणि घळीचा माथा सरकतो तो रिमझिमीत नव्हे, अशाच पावसात. जबाबदारीही वाटलेली आहे: शेत कृषी विभागाकडे, नाला मृद व जलसंधारणाकडे, पात्र तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे, पोटखराबा महसुलाकडे. घळ या चौघांच्या मधोमध पडते.

घळीत उतरणारे पाणी वरच्या सपाटीवरून येते, म्हणूनच पुस्तकाची मांडणी नदीपासून सुरू होत नाही. ती वरच्या सपाटीवरच्या गावांपासून सुरू होते, आणि त्यासाठी जळगावलगतचे असोदे हे गाव आधाराला घेतले आहे. बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, भरताच्या वांग्यांसाठी खान्देशाला. तापी तेथून काही किलोमीटर उत्तरेला आहे. गावाच्या शिवारात कोणी घळीची तक्रार करणार नाही. पण अशाच सपाट शिवारांतून, रस्त्यांच्या मोऱ्यांतून, रेल्वेच्या भरावाखालच्या नळांतून आणि वाढत्या शहराच्या गटारांतून एकवटलेले पाणी काठच्या गावांच्या घळींत उतरते. पूर्वी चार वाटांनी पसरून जाणारे पाणी एका मोरीतून गेले की खालच्या गावात एक घळ जागी होते. काठच्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा उगम काठावर शोधून सापडत नाही, हे दाखवणे हा या पुस्तकाचा मुख्य प्रयत्न आहे. त्यापुढे पट्ट्यातील घळींची वर्गवारी, जुन्या कामांची आजची अवस्था आणि गावपातळीवर करता येण्याजोगे उपाय यांकडे ते वळते. नंदुरबार जिल्हा आणि गुजरातची बाजू संदर्भापुरती आली आहे. समुद्रकिनाऱ्याच्या धुपीचे शास्त्र तुलनेपुरतेच घेतले आहे.

मोजणीची पद्धत मुद्दाम साधी ठेवली आहे, म्हणजे ती शाळेतल्या मुलांनाही करता यावी. घळीच्या माथ्यापासून आत सपाटीवर ठरावीक अंतराने लोखंडी खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर मृगाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा फितीने मोजायचे, प्रत्येक मोठ्या पावसाची तारीख वहीत लिहायची, आणि आसपास दिसलेला प्रत्येक नवा खड्डा गट क्रमांकासह नोंदवायचा. उपग्रहचित्रे याला पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत, कारण बाभळीच्या झाकणाखालची कड त्यांत नीट दिसत नाही. खुंट्या काठापासून पुरेशा आत असाव्यात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याही घळीत जातात. नोंदवहीचा नमुना पुस्तकाच्या अखेरीस जोडला आहे.